अंगावर काढलेलं दुखणं यंत्राला कसं कळणार?

आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर दर थंडीत ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी अंडी घालायला येतात. गावातले कासवमित्र पहाटे किनारा चालतात. घरटं सापडलं की अंडी मोजतात, तारीख लिहितात, पुढे पिल्लं किती निघाली तेही लिहितात. जानेवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी इथल्या एका कासविणीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र बसवलं. तिचं नाव ठेवलं सावनी. ती समुद्रात कुठे गेली हे पुढे जमिनीवर बसलेल्या माणसांना कळत होतं.

हे काम चांगलं आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण त्याच गावात एखाद्या बाईला कड्यावरच्या गणपतीच्या पायऱ्या चढताना धाप लागते, पाठ भरून येते, ती मधेच बसते, मग उठून घरी जाते आणि चूल पेटवते. हे कुठल्या वहीत लिहिलं जातं? कुठल्याच नाही. आपल्या भाषेत याला एक शब्द आहे: दुखणं अंगावर काढणं. पुरुषाच्या तोंडी तो क्वचितच येतो. बायका मात्र सगळंच अंगावर काढतात.

आमच्या वाडीतल्या एका काकींचं उदाहरण सांगते. वय पन्नाशीच्या पुढे. लावणीच्या दिवसांत त्यांना धाप लागायला लागली, जबडा दुखायचा, मळमळायचं. ज्या डॉक्टरकडे गेल्या त्यांनी गॅसच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या खेपेला विचारलं, "घरी काही टेन्शन आहे का?" काकी म्हणाल्या, "टेन्शन कुणाला नसतं?" म्हणजे झालं, निदान ठरलं. सहा महिन्यांनी मुलाकडे मुंबईला गेल्या तेव्हा तपासण्या झाल्या आणि हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं कळलं. त्यांच्या यजमानांना चार वर्षांपूर्वी छातीत दुखलं होतं, तेव्हा त्याच दिवशी गाडी करून मुंबई गाठली होती. यजमानांची फाइल जाडजूड आहे. काकींच्या त्या सहा महिन्यांचा कागद एकच, त्यावर लिहिलंय: गॅस.

हा कागद डोळ्यांपुढे ठेवूनच मला आजच्या एका नव्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे. आता हृदयविकाराचा धोका कुणाला आहे हे संगणक सांगणार आहे. त्याला 'मशीन लर्निंग' म्हणतात, म्हणजे शिकणारं यंत्र. अपोलो रुग्णालयांनी मायक्रोसॉफ्ट कंपनीबरोबर २०१८ साली असं एक यंत्र जाहीर केलं. चार लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींवर ते बेतलेलं असल्याचं सांगितलं गेलं. आपल्या शेजारच्या गोव्यात 'स्टेमी गोवा' योजनेत लहान सरकारी दवाखान्यांतला ईसीजी संगणकामार्फत तज्ज्ञांपर्यंत पोचवून झटक्याचं निदान लवकर करण्याची सोय झाली. हे सगळं आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत यायला फार वेळ लागणार नाही. प्रश्न असा की ते येईल तेव्हा काकींना ओळखेल का?

हे यंत्र शिकतं कसं, ते समजून घेऊ. त्यात जादू काही नाही. हर्णैच्या लिलावात नवी मुलगी मासळी ओळखायला शिकते ती बघून बघून. यंत्रालाही हजारो रुग्णांच्या नोंदी दाखवतात: वय, रक्तदाब, साखर, ईसीजी, आणि शेवटी काय झालं ते. त्यातून ते स्वतःचा नियम बांधतं आणि नव्या माणसाला तो लावतं. म्हणजे जे नोंदवलं गेलं तेच त्याला ठाऊक. ज्या नोंदीत काकींचा आजार 'गॅस' म्हणून लिहिलाय, ती नोंद त्याला शिकवते की अशी लक्षणं सांगणाऱ्या बाईला हृदयाचा आजार नसतो.

मग नोंदी कुणाच्या आहेत? इंजिनिअरिंगची मुलं-मुली हृदयविकाराचं यंत्र शिकायला बसतात तेव्हा ज्या मोफत मिळणाऱ्या नोंदी वापरतात, त्यातला एक प्रसिद्ध संच ९१८ रुग्णांचा आहे. त्यात पुरुष ७२५ आणि बायका १९३. हृदयविकार असलेले पुरुष ४५८, बायका ५०. हा संच क्लीव्हलँड, बुडापेस्ट, स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतल्या लाँग बीच इथल्या जुन्या नोंदी एकत्र करून केलेला. लाँग बीचचं रुग्णालय निवृत्त सैनिकांचं. तिथल्या २०० नोंदींत बायका फक्त ६. अशा वहीवर शिकलेलं यंत्र काय शिकेल? बाई असणं म्हणजेच सुरक्षित असणं!

कुणी म्हणेल, पण यंत्राची अचूकता ८५ टक्के आहे असं छापून येतं. त्या आकड्याच्या पोटात काय दडतं, ते एका काल्पनिक हिशोबाने पाहू. समजा १००० रुग्ण आहेत. ८०० पुरुषांपैकी ४०० आजारी, २०० बायकांपैकी ५० आजारी. यंत्राने ४०० पैकी ३६० पुरुष ओळखले आणि ५० पैकी २५ बायका ओळखल्या. एकूण ४५० आजाऱ्यांपैकी ३८५ सापडले, म्हणजे ८५ टक्क्यांहून जास्त. कंपनी खूश, मंत्री खूश. आणि निम्म्या आजारी बायका घरी परत गेल्या.

हा हिशोब काल्पनिक असला तरी घडतं ते असंच. लंडनच्या संशोधकांनी २०२२ साली आपल्याच देशातल्या, आंध्र प्रदेशात गोळा केलेल्या यकृताच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ५८३ रुग्णांत पुरुष ४४१, बायका १४२. त्या नोंदींवर शिकवलेल्या यंत्रांनी आजारी पुरुषांपैकी २३ टक्के आणि आजारी बायकांपैकी ४४ टक्के ओळखलेच नाहीत. मग त्यांनी हृदयविकाराच्या नोंदी घेतल्या. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामातही बहुतेक प्रयोगांत आजारी बायका सुटण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त निघालं. ब्रिटनमध्ये २०१९ साली बॅबिलॉन कंपनीच्या फोनवरच्या डॉक्टरबद्दल गदारोळ झाला तो याच कारणाने. वय तेच, लक्षणं तीच. पुरुषाला उत्तर मिळत होतं की हृदयविकाराचा झटका असू शकतो, आणि बाईला उत्तर मिळत होतं की घाबरल्यामुळे होत असेल. आमच्या काकींना मिळालेलं उत्तर सातासमुद्रापलीकडे यंत्राच्या तोंडून!

यावर सोपा उपाय सुचवला जातो: बायकांच्या नोंदी वाढवा. वाढवायलाच हव्यात. पण तेवढ्याने भागत नाही, कारण खोट नुसत्या संख्येत नाही. मोजमापं, लक्षणांच्या याद्या, रक्तातल्या चाचण्यांच्या मर्यादा हे सगळं मुळात पुरुषाच्या शरीरावर बेतलेलं आहे.

याला इतिहास आहे. अमेरिकेत १९७७ साली औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने मूल होण्याच्या वयातल्या बायकांना नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याची सूचना काढली. ॲस्पिरिनने हृदयविकार टळतो का हे ज्या मोठ्या अभ्यासात तपासलं, त्यात २२,०७१ डॉक्टर होते आणि सगळे पुरुष. १९९१ साली हृदयरोगतज्ज्ञ बर्नाडिन हिली यांनी या भेदभावाला 'येंटल सिंड्रोम' असं नाव दिलं. येंटल ही गोष्टीतली मुलगी, जिला शिकण्यासाठी मुलाचा वेश घ्यावा लागतो. हिली यांचं म्हणणं असं की बाईचा आजार पुरुषासारखा आहे हे सिद्ध झाल्यावरच तिला पुरुषासारखे उपचार मिळतात. १९९३ साली तिथे कायदा झाला आणि सरकारी पैशातल्या संशोधनात बायकांना घेणं बंधनकारक झालं. तेव्हा हे पुरुषकेंद्री विज्ञान पुस्तकात होतं. आता ते यंत्रात शिरतंय.

चाचणीचं एक उदाहरण घ्या. झटका आला की रक्तात ट्रोपोनिन नावाचं द्रव्य वाढतं. ते एका मर्यादेपलीकडे गेलं तर झटका मानायचा. पण निरोगी बाईच्या रक्तात ते पुरुषापेक्षा कमी असतं. एडिंबरो इथे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अधिक संवेदनशील चाचणी वापरून पुरुषांसाठी ३४ आणि बायकांसाठी १६ अशा वेगळ्या मर्यादा धरल्या. झटक्याचं निदान होणाऱ्या बायका ११ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर गेल्या. पुरुषांत १९ चे २१ झाले. म्हणजे निम्म्या बायका जुन्या चाचणीपायी आणि जुन्या मर्यादेपायी सुटत होत्या. जुन्या मर्यादेने 'झटका नाही' असं लिहिलेल्या नोंदी यंत्राला कितीही दिल्या, तरी ते तीच चूक जास्त आत्मविश्वासाने करणार.

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर आपलंच म्हणणं लंगडं पडेल. पुरुषांना हृदयविकार कमी वयात जास्त होतो हे खरं आहे. ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' या २००४ सालच्या अभ्यासात बायकांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सुमारे नऊ वर्षांनी येतो असं दिसलं. छातीत दुखणं हे बायकांमध्येही मुख्य लक्षण आहे. पण बायकांत त्याच्या जोडीने धाप, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणं, कमालीचा थकवा हे जास्त आढळतं. त्यामुळे नेमकं दुखणं कोणतं हे ऐकणाऱ्याला कळत नाही, कारण त्याचं ऐकणं 'छातीत कळ' एवढ्यावरच थांबलेलं असतं. ईसीजीत ठळक दिसणारा मोठा झटका सोडून दुसऱ्या प्रकारचा झटकाही बायकांत तुलनेने जास्त असतो. तेव्हा फक्त ठळक झटका शोधायला शिकवलेलं यंत्र कितीही चांगलं असलं तरी पुरेसं नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'क्रिएट' या नोंदणीत देशातल्या ८९ रुग्णालयांतले २०,४६८ हृदयविकाराचे रुग्ण होते. त्यातले ७६ टक्के पुरुष. हा सगळाच फरक निसर्गाचा म्हणायचा का? दिल्लीच्या एम्सच्या बाह्यरुग्ण विभागातल्या २०१६ सालच्या सुमारे २४ लाख भेटींचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका बाईमागे १.६९ पुरुष तिथे येत होते. चार राज्यांतून यायला हव्या होत्या पण आल्याच नाहीत अशा बायका चार लाखांवर, असा त्यांचा अंदाज. आणि घर जितकं लांब, तितक्या बायका कमी. कोकणातल्या बाईला यात नवीन काय वाटणार? नवरा, मुलगा मुंबईत. त्यांची तपासणी तिकडे, कामगार विम्यावर नाहीतर कंपनीच्या खर्चाने. ती इथे, भात, गुरं, म्हातारी माणसं आणि बागेतली शिंपणी सांभाळत. दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय वीसेक किलोमीटरवर. तिथे जायचं म्हणजे दिवस मोडतो, सोबत कुणी लागतं, आणि पैसे मागावे लागतात.

अमेरिकेत २०१९ साली एक गोष्ट उघडकीला आली. तिथल्या रुग्णालयांत वापरलं जाणारं एक यंत्र जास्त गरजू रुग्ण निवडताना आजपर्यंत त्याच्यावर किती खर्च झाला हे बघत असे. काळ्या लोकांवर खर्च कमी होत आला होता, म्हणून ते यंत्राला निरोगी वाटले. हाच नियम आपल्या घरांना लावून पाहा. ज्या बाईच्या दुखण्यावर घराने कधी खर्चच केला नाही, ती यंत्राच्या लेखी ठणठणीत!

आणि विचारलंच जात नाही ते तर वेगळंच. गरोदरपणात रक्तदाब वाढला असेल, मधुमेह झाला असेल, पाळी फार लवकर गेली असेल, तर त्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो. हे आता पक्कं माहीत आहे. पण बाळंतपणाचं कार्ड बाळाच्या लसी संपल्या की पत्र्याच्या पेटीत जातं, आणि वीस वर्षांनी हृदयाची तपासणी करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचं पाहा. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ बायकांची गर्भाशयं काढलेली आढळली. गर्भाशयाबरोबर कमी वयात अंडाशयंही काढली, तर हृदयविकाराचा धोका वाढतो. वर सांगितलेल्या ९१८ रुग्णांच्या संचात यासाठी रकानाच नाही. मग मिश्री! 'विडी-सिगरेट ओढता का?' या प्रश्नाला आमच्याकडची बाई खरंखुरं 'नाही' म्हणते, आणि दिवसातून तीनदा मिश्री लावते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. चुलीच्या धुराचाही रकाना त्या संचात नाही.

आपल्या सरकारी कार्यक्रमाचाही विचार करा. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक तक्ता आशाताई घरी येऊन भरते. तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरातले आजार असं त्यात विचारतात. चांगली गोष्ट आहे. त्यात खास बायकांसाठीचे प्रश्न आहेत ते स्तनाचे आणि योनिमार्गातून होणाऱ्या रक्तस्रावाचे. कर्करोगासाठी ते हवेतच. पण 'बाई म्हणजे स्तन आणि गर्भाशय, बाकीचं शरीर पुरुषाचं' ही समजूत तिथेही दिसते. गरोदरपणाचा प्रश्न हृदयासाठी विचारला पाहिजे, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

मग यंत्र नकोच म्हणायचं का? मी तसं म्हणणार नाही. तज्ज्ञ डॉक्टर जिथे पोचत नाही, तिथे चांगलं यंत्र जीव वाचवू शकेल. ते थकत नाही, आणि शिकवलं नसेल तर "टेन्शन आहे का?" असंही म्हणत नाही. पण तंत्रज्ञान आपोआप आपल्या बाजूचं होत नाही, हे आपल्या चळवळीला अनुभवाने माहीत आहे. गर्भजलचाचणीही 'विज्ञान' म्हणूनच आली होती. ती मुलींच्या जिवावर उठली तेव्हा बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८८ साली देशातला पहिला कायदा महाराष्ट्रात झाला. नेट-एन या इंजेक्शनविरुद्ध स्त्री-संघटना १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. दोन्ही वेळा आपण विचारलं होतं, हे कुणावर तपासलं? कुणाला विचारून? आज तेच प्रश्न विचारायचे आहेत, यंत्र डोळ्यांना दिसत नसलं तरी.

माझ्या मते आपल्या मागण्या चार असाव्यात. पहिली, सरकारी दवाखान्यात असं कोणतंही यंत्र विकत घेण्याआधी त्याचा निकाल बायका आणि पुरुष यांचा वेगवेगळा जाहीर व्हावा. आम्हाला एकूण अचूकता नको, शंभर आजारी बायकांपैकी किती सुटल्या ते सांगा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ साली आरोग्यातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. भेदभाव नको असं त्यातही म्हटलंय. ते कागदावर राहू नये. दुसरी, शहरातल्या मोठ्या रुग्णालयांत पैसे भरून तपासणी करणाऱ्यांच्या नोंदींवर शिकलेलं यंत्र खेड्यातल्या बायकांवर आधी तपासल्याशिवाय वापरू नये. तिसरी, गरोदरपणातला रक्तदाब आणि मधुमेह, पाळी जाण्याचं वय, गर्भाशय किंवा अंडाशय काढल्याची नोंद आणि मिश्री हे रकाने तक्त्यात यावेत, आणि ते भरणाऱ्या आशाताईला त्या कामाचा पुरेसा मोबदला मिळावा. चौथी, यंत्राने 'धोका नाही' म्हटलं तरी बाई त्रास सांगत असेल तर तिची तपासणी व्हावी. शेवटचा शब्द यंत्राचा असता कामा नये.

आणि एक काम कुणाकडे न मागता करायचं आहे. शरीराची ओळख करून घेणारी शिबिरं आपण घेतली, पाळीबद्दल, बाळंतपणाबद्दल बोललो. हृदयाबद्दल कधी बोललो? बचत गटाच्या बैठकीत पैशांची वही असतेच. तिच्या शेजारी दुसरी एक वही ठेवू या. रक्तदाब मोजायचं यंत्र गटाने मिळून घ्यावं. प्रत्येकीने आपलं बाळंतपण, आपली धाप, आपली पाठदुखी आपल्या शब्दांत तारखेसकट लिहावी किंवा दुसरीकडून लिहून घ्यावी. वही गटाची, तिच्या परवानगीशिवाय कुणाला द्यायची नाही. डॉक्टरकडे जाताना ते पान बरोबर न्यावं. "कधीपासून?" असं विचारल्यावर "असंच अधूनमधून" याऐवजी तारीख सांगता आली, तर 'गॅस' लिहिण्याआधी समोरच्याचा हात थोडा थांबेल.

आमच्या काकी आता औषधांवर आहेत. तब्येत बरी आहे. गेल्या महिन्यात मी त्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "कासविणीची नोंद ठेवतात तशी माझी ठेवा म्हणजे झालं." आम्ही वहीचं पहिलं पान त्यांच्यापासूनच सुरू केलंय. तुमच्या गटाने असं काही केलं असेल, करून पाहिलं आणि जमलं नसेल, तरी जरूर कळवा. अंगावर काढलेलं दुखणं आपण आधी कागदावर काढलं, तरच पुढे ते कुणाला दिसेल.